काकू विचार करताहेत

"सही कुठाय वो?"

सुधाकर गुल्हान्यांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि मीच जादूटोणा करून ती सही गायब केली असावी अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. जादूटोण्याविरुद्ध तालुक्यात सर्वांत जास्त भाषणं याच माणसानं ठोकली होती, तरीही.

सकाळचे साडेसात वाजले होते. आम्ही गुल्हान्यांच्या औषधाच्या दुकानात उभे होतो आणि शटर अर्धंच वर होतं. मास्तर पहाटे साडेपाचला गेले होते. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता.

फॉर्म देहदानाचा होता. वरती मास्तरांची सही होती, तीन ठिकाणी, त्यांच्या त्या पाटीवर लिहिल्यासारख्या सुबक अक्षरात. खाली साक्षीदार म्हणून मी आणि गुल्हाने. आणि अगदी तळाशी 'जवळच्या नातेवाइकाची संमती' असं छापलेलं होतं. तिथली जागा कोरी होती.

"आठ वर्षांपासून कोरी आहे?" गुल्हाने म्हणाले. "बाई, तुमच्या लक्षात नाही आलं?"

"फाईल मास्तरांकडे असायची. मला वाटलं, भरली असेल."

"मलेही तेच वाटलं."

त्यांनी मेडिकल कॉलेजला ट्रंककॉल लावला. बऱ्याच खरखरीनंतर तिकडच्या बाबूनं सांगितलं, की मयत व्यक्तीची सही असली तरी घरच्यांची लेखी संमती पाहिजे. त्याशिवाय ते हात लावत नाहीत. थंडीचे दिवस आहेत, दुपारी तीनपर्यंत पोचवा, त्यानंतर आणू नका. आमच्या गावापासून कॉलेज तीन तासांवर. म्हणजे बाराच्या आत निघणं भाग होतं.

"काकूची सही घेऊन या," गुल्हाने मला म्हणाले. "मी गाडीचं पाहतो. बायामाणसायचं काम आहे, तुमीच करू शकता."

मी त्यांच्यावर डोळे वटारले, पण निघाले.

मास्तर म्हणजे नामदेवराव खारोडे. पूर्णेच्या काठच्या आमच्या या गावात त्यांनी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच शाळेत शिक्षिका झाले. ही गोष्ट एक्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, बिनलग्नाची होते आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपल्याला ठाऊक आहेत अशी माझी पक्की खात्री होती.

फार पूर्वी आमच्या व्याख्यानमालेत पुण्याहून एक वक्ते आले होते. भाषणाच्या ओघात ते म्हणून गेले, "वऱ्हाडात कापूस पिकतो, विचार पिकत नाही." लोक हसले. टाळ्याही वाजवल्या, आपलीच मंडळी! मास्तर मात्र हसले नाहीत. त्या एका वाक्याच्या रागावर ते सहा वर्षं सायकलीनं, एसटीनं, कधी बैलगाडीनं वऱ्हाडभर फिरले आणि 'वऱ्हाडचे विचारवंत' हे पुस्तक लिहिलं. जगाला ठाऊक नसलेली अकरा माणसं त्यांनी शोधून काढली. त्यात एक शिंपी होता, तो कापडाच्या मापाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर देवाला प्रश्न लिहायचा. एक जमीनदार होता. त्यानं आपली विहीर सगळ्या जातींना मोकळी केली आणि स्वतःच्या बहिणीच्या घरचं पाणी गमावलं. एक मुलींच्या शाळेची मास्तरीण होती. 'पुण्य म्हणजे शेजारणीची मुलगी शाळेत पोचवणं' एवढं एकच वाक्य तिनं आयुष्यभर आचरलं.

प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी मास्तरांनी त्या माणसाची अंत्ययात्रा लिहिली होती. ते वाचवत नसे. शिंप्यानं तेरावं करू नका म्हणून लिहून ठेवलं, तर पोरांनी गावजेवण घातलं. जमीनदाराला मरताना गंगाजल पाजलं. मास्तरणीच्या भावांनी तिच्या नावानं मंदिराला घंटा दिली. अकरांपैकी नऊ जणांचं असंच झालं. आयुष्यभर जे बोलले ते घरच्यांनी एका दुपारीत पुसून टाकलं. मास्तर पुस्तकात आणि भाषणातही म्हणत, "विचारवंताचा शेवटचा वैरी उंबऱ्याच्या आत बसलेला असतो." या वाक्याला मी दर वेळी टाळ्या वाजवल्या आहेत.

मग त्यांनी देहदानाचं काम हाती घेतलं. गावोगाव जाऊन एकशे त्रेचाळीस फॉर्म भरून घेतले. प्रत्येक फॉर्मवर घरच्यांची सही होती, कारण ती घेतल्याशिवाय ते उठतच नसत. आणि एकशे चव्वेचाळिसावा, त्यांचा स्वतःचा, कोरा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणायची माझी त्या दिवशी हिंमत झाली नाही, पण मनात आलं होतं. मला मास्तरांचा राग आला होता. मेलेल्या माणसावर रागावताना फार एकटं वाटतं.

घराच्या अंगणात भाऊकी जमली होती. मास्तरांचे चुलतभाऊ वासुदेवराव बांबू मोजून घेत होते. मला पाहिल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. माणूस वाईट नव्हता. तुमचं तुम्ही करा, आमचं आम्ही करतो, जो आधी उरकेल तो जिंकला, असा सरळ हिशेब होता त्यांचा.

काकू आतल्या खोलीत मास्तरांच्या उशाशी बसल्या होत्या. अनसूयाबाई त्यांचं नाव, पण सगळं गाव काकूच म्हणायचं. ठेंगण्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सोमवार, एकादशी, चतुर्थी, एकही उपास त्यांनी कधी सोडला नाही. मास्तरांच्या एकाही भाषणाला त्या आल्या नाहीत. घरात देव्हारा होता आणि त्यातल्या देवांसाठी परसातून फुलं रोज मास्तर तोडून आणत. एकदा गुल्हान्यांनी टोमणा मारला, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "तिची कंबर दुखते बाबा. देवाची नाही दुखत." त्यावर सगळे हसले होते, मीही.

मी काकूंच्या शेजारी बसले. थोडं रडणं झालं. मग मी फॉर्म काढला आणि सांगितलं.

काकूंनी कागद हातात घेतला. त्यांना वाचता येत होतं, हळूहळू, बोट ठेवून. त्यांनी तळाच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिथंच ठेवून बसल्या.

"काकू, मास्तरांची शेवटची इच्छा आहे."

"मले माहीत हाये."

"तुमची सही लागेल."

"तेही माहीत हाये." त्यांनी कागद परत माझ्या मांडीवर ठेवला. "मले विचार करू दे, वनू."

वनमाला राऊत माझं नाव. मला वनू म्हणणारी एवढी एकच बाई होती.

पण विचार करायला वेळ कुठं होता! मी बोलायला लागले. सगळं बोलले. डॉक्टरीची पोरं कशी शिकतात, एका देहावर किती जण शिकतात, अकरांपैकी नऊ, शिंपी, जमीनदार, मास्तरीण. ते उंबऱ्याचं वाक्यही म्हणून दाखवलं. आता आठवलं की अंगावर काटा येतो. नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईला मी सांगत होते की तू वैरी होऊ नकोस.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग मास्तरांच्या अंगावरची चादर नीट केली.

"मी म्हटलं ना, विचार करू दे."

मी बाहेर आले. साडेनऊ वाजून गेले होते.

मानवेंद्र विहिरीपाशी उभा होता. मास्तरांचा एकुलता एक मुलगा, अमरावतीला बँकेत होता, नुकताच स्कूटरवरून पोचला होता. मास्तरांनी मोठ्या हौसेनं त्याचं नाव मानवेंद्र ठेवलं आणि सगळ्या गावानं त्याचा मनू केला. ज्या मनूच्या नावानं मास्तर आयुष्यभर बोटं मोडत आले, तोच त्यांच्या घरात रांगत होता. यावर मास्तर फार चिडत.

"आई काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"विचार करते म्हणतात."

"मंग नाहीच म्हणते ती. तिचं तसंच आहे. तिनं 'विचार करते' म्हटलं की विषय संपला. मी इंजिनियरिंगला जाऊ का म्हटलं होतं, तं अजून विचार करून रायली." तो हसायला गेला आणि त्याचा आवाज फुटला.

मी त्याला रडू दिलं. मग ज्यासाठी बाहेर आले होते ते केलं. मी म्हटलं, "मनू, तूही जवळचा नातेवाईकच आहेस."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"कायद्यानं तुझी सही चालते. पुस्तकातल्या अकरांत नऊ हरले, दोन टिकले. तुझे वडील दहावे हरणारे व्हायचे की तिसरे टिकणारे, हे तुझ्या हातात आहे."

हे वाक्य मी चालता चालता जुळवलं होतं आणि मला त्याचा अभिमानही वाटला होता. मनूनं बराच वेळ विहिरीत पाहिलं. "आईला समजावणं तुमचं काम," शेवटी तो म्हणाला. "मी तिच्यापुढं उभा नाही राहू शकत." आणि स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यानं सही केली. त्या कोऱ्या जागेत त्याचं नाव बरोबर मावलं.

साडेदहाला गुल्हाने मॅटाडोर घेऊन आले. मागं फुलं, चटई, सगळं व्यवस्थित. फॉर्म पाहिला आणि त्यांनी माझ्या पाठीत धपका घातला. "शाब्बास बाई! आता उचला. भाऊकीची तिरडी व्हायच्या आत निघून जाऊ."

"काकूंना सांगते आधी."

"सांगा, पण विचारू नका आता."

मी आत गेले. काकू होत्या तशाच बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले, खाली बसायचा धीर झाला नाही.

"काकू, मनूनं सही केली. तुम्हाला काही करायची गरज नाही. तुमच्यावर काही ओझं नको म्हणून..."

त्यांनी मान वर केली. डोळे कोरडे होते.

"मंग सकाळी मले काऊन विचारलं?"

मी फॉर्म पर्समध्ये सरकवला.

"तुमी सगळे," काकू म्हणाल्या, अजिबात आवाज न चढवता, "तीस वर्षं या ओसरीत बसून लोकायले सांगत होते. मी आतून चहा पाठवत होतो अन् ऐकत होतो. कोणाचं आयकून करू नका. घाई करू नका. सोता विचार करा, मंग सही करा. सांगत होते ना?"

"हो."

"मंग मले किती वेळ देता? गाडीवाला थांबेल तेवढा?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे प्रत्युत्तर नव्हतं आणि ते नसल्याचं मला बरंही वाटत होतं, हे विचित्र होतं.

"बारापर्यंत निघावं लागतं, काकू," मी म्हटलं. "तोपर्यंत बसा. कुणी आत येणार नाही."

"तू थांबवशीन सगळ्यायले?"

"थांबवते."

"अन् मी जे म्हणीन ते?"

मी म्हटलं, "ते." बोलताना मला पुरतं कळलं नव्हतं, की मी काय कबूल करून बसले आहे.

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर उभी राहिले.

गुल्हाने चार पोरं घेऊन तयारच होते. "चला."

"नाही. काकू विचार करताहेत."

"काय करून रायल्या?"

"विचार."

गुल्हान्यांना आधी वाटलं, मला दुःखानं काही झालं. मग ते माझ्या जवळ आले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. मनूची सही आहे, कायदा आपल्या बाजूनं आहे, बाई म्हणजे शेवटी बाई, दुःखात आहे, तिला आत्ता काय कळणार. मी त्यांना म्हटलं, "गुल्हानेसाहेब, तुमच्या फॉर्मवर वहिनींची सही घ्यायला मास्तर किती वेळा आले होते?"

पाच वेळा आले होते. पाचव्या वेळी वहिनींनी स्वतःहून पेन मागितलं होतं.

"ते वेगळं," ते पुटपुटले. "तवा वेळ होता."

"आत्ताही सव्वा तास आहे."

तिकडून वासुदेवराव आले. तिरडी बांधून झाली होती. "पोरी, दार सोड. वहिनीले आत कायले कोंडलं?"

"मी नाही कोंडलं, काका. त्या विचार करताहेत."

"कशाचा?"

"मास्तरांचं काय करायचं त्याचा."

वासुदेवरावांनी आपल्या भाऊकीकडे पाहिलं, भाऊकीनं गुल्हान्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात माणूस मेल्यावर लोक लाकडांसाठी थांबत, मुंबईच्या मुलासाठी थांबत, कधी पंचनाम्यासाठी थांबत. एक बाई विचार करते आहे म्हणून अख्खी गल्ली थांबली, असं त्यापूर्वी झालेलं नव्हतं. त्यानंतरही मी पाहिलेलं नाही.

अकरा वाजले. ऊन अंगणभर आलं. एका बाजूला मॅटाडोर, दुसऱ्या बाजूला तिरडी आणि मधल्या उंबऱ्यावर मी. पाय भरून आले होते. भाऊकीतल्या कुणीतरी, आमच्या इथं ब्राह्मण ताटकळलाय, असं ओरडून सांगितलं. कुणीतरी माझ्या लग्न न होण्याचा संबंध या प्रकाराशी जोडला. मी ऐकून घेतलं. मला फक्त एकाच गोष्टीची धास्ती होती, की काकू बाहेर येऊन 'नाही' म्हणतील. आणि मग मी काय करणार? पर्समध्ये मनूची सही होती. ती सही तिथं चटका देत होती.

मनू एकदा जवळ आला. "बाई, सोडा आता. मी आत जाऊन सांगतो आईला."

"तू म्हणालास ना, तिच्यापुढं उभा राहू शकत नाहीस."

"हो."

"मग इथं उभा राहा, माझ्याजवळ."

तो राहिला. उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, हात मागं बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला त्याची माया आली.

पावणेबाराला दार आतून उघडलं.

काकूंनी तोंड धुतलं होतं आणि लुगड्याचा पदर नीट घेतला होता. त्या ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या. इतकी माणसं अंगणात असताना त्या कधी पायरीपर्यंत आल्याचं मला आठवत नाही. त्यांनी कुणाकडे न बघता सांगितलं.

"देत नाही. त्यायले आग द्या. वासुदेवभाऊजी, पण बामण नको. पिंड नको, दहावं नको, तेरावं नको, काही नको. जाळणं माझं. बाकी सगळं त्यायच्या मनासारखं."

वासुदेवराव म्हणाले, "वहिनी, नुसतं एक मंत्राचं..."

"नाही भाऊजी."

"बरं," वासुदेवराव म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले की मला नवल वाटलं. कदाचित सगळ्यांनाच कुणीतरी ठरवून सांगायला हवं होतं.

गुल्हाने मात्र ऐकायला तयार नव्हते. ते माझ्यापाशी आले, रागानं लाल झाले होते. "बाई, फॉर्म काढा. पंधरा मिनिटं आहेत अजून. मुलाची सही आहे, कोणी अडवू शकत नाही. पोलिसांत गेले तरी आपलीच बाजू खरी. मास्तरांनी तीस वर्षं कशासाठी घासली? वऱ्हाडातला एक तरी माणूस शेवटपर्यंत आपल्या विचाराचा राहिला पाहिजे का नाही?"

आणि खरं सांगू का, मला पटत होतं. त्यांचा शब्दन् शब्द पटत होता. मी मनूकडे पाहिलं, तो आईकडे पाहत होता. मी काकूंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे पाहत होत्या. त्या विनवत नव्हत्या, दटावतही नव्हत्या. सकाळी विचारलं होतं तेच पुन्हा विचारत होत्या, की मी जे म्हणीन ते ना?

मी पर्स उघडली. फॉर्म काढला. मास्तरांच्या तीन सह्या, माझी एक, गुल्हान्यांची एक, मनूची एक. मी तो आधी मधोमध फाडला, मग पुन्हा आडवा फाडला. कागद चांगल्या जातीचा होता, दोनदा जोर लावावा लागला.

गुल्हान्यांनी त्या तुकड्यांकडे पाहिलं. ते मॅटाडोरमध्ये बसून निघून गेले. आमची चार पोरंही गेली. जाताना त्यातला एक म्हणाला, "मास्तर दुसऱ्यांदा मेले." ते मला लागलं.

मी खांदा दिला. बायका देत नाहीत आमच्याकडे, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. भाऊकीला वाटलं असेल, जिनं एवढं केलं तिला आणखी काय सांगायचं. पूर्णेच्या काठी मनूनं आग दिली. ब्राह्मण नव्हता आणि मंत्रही नव्हते. सगळे उभे राहिले, थोडा वेळ गप्प राहिले आणि परत आले.

दुपारी चारच्या सुमाराला मी काकूंना भेटून घरी जाणार होते. त्या परसात बसल्या होत्या, मोगऱ्याच्या वाफ्यापाशी. मी शेजारी दगडावर टेकले. सकाळपासूनचा मास्तरांवरचा राग माझ्या पोटात तसाच होता आणि आता तर तो वाढला होता. मी म्हणून टाकलं.

"मास्तरांचं चुकलंच, काकू. एकशे त्रेचाळीस घरी जाऊन विचारलं आणि तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आज हा प्रसंग आला नसता."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू वर्गात मीच सर्वांत ढ मुलगी असावे.

"कोण म्हणते नाही विचारलं?"

त्या वाफ्याकडे वळल्या.

"आठ वर्षं झाली. तो फॉर्म आणला त्याच दिवशी विचारलं. मले समोर बसवलं, सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, विचार करून सांगतो." त्यांनी वाफ्यातलं एक वाळकं पान उचललं. "माह्या मनात तवाच नाही होतं, वनू. त्यायले कापतीन, पोरं भवताल उभी राहतीन, हे मले सहन होत नव्हतं. चूक असंन माही. पण नाही म्हणाले तोंड उघडे ना. जलमभर त्या मानसानं मले एका शब्दानं कशाची सक्ती केली नाही. न देवाची, न बिनदेवाची. अन् त्यायनं एक गोष्ट मांगतली, तिले मी नाही कशी म्हणू?"

"मग?"

"मंग काही नाही. त्यायनं पुन्हा कधी विचारलं नाही. आठ दिवसानं मीच म्हटलं, अजून ठरत नाही वो माहं. तं हासले. म्हणे, 'अनसूये, ती जागा तुही आहे. भरली तरी तुही, नाही भरली तरी तुही. मले तुहं उत्तर समजलं. तू बोलून दाखवाची गरज नाही.' अन् फाईल बांधून ठेवून देली."

पाच वेळा गुल्हान्यांच्या घरी जाणारा माणूस स्वतःच्या घरात दुसऱ्यांदा विचारायला गेला नव्हता. मग मला आठवलं, की त्यानंतर निघालेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत ते उंबऱ्याचं वाक्य नाही. प्रुफं मीच तपासली होती. मास्तरांनी ते वाक्य काट मारून काढलं होतं आणि मी म्हटलं होतं, मास्तर, हे तर सगळ्यांत टाळीचं वाक्य! ते म्हणाले होते, "टाळीचं आहे खरं." एवढंच.

आपण हरणार हे त्या माणसाला आठ वर्षं ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, त्यानं ते कबूल करून टाकलं होतं. आणि ती जागा भरायला मी त्यांच्याच मुलाला विहिरीपाशी गाठलं होतं.

मी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. सकाळपासून पहिल्यांदाच मनापासून. त्या माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, जसं काही माझाच माणूस गेला होता.

"पण मग सकाळी सरळ नाही का म्हणाला नाहीत?" मी शेवटी विचारलं.

"त्यायच्या तोंडावर कधी म्हटलं नाही," काकू म्हणाल्या. "लोकायसमोर म्हणाचं म्हणजे नीट विचार करूनच म्हणा लागे ना. अन् कोणाले सांगू नको हे. आमचं घरचं हाये."

मी सांगितलं नाही. मागच्या वर्षी काकू गेल्या, म्हणून आज लिहिते आहे.

मास्तरांच्या मृत्यूनंतर आठव्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात त्यांची अभिवादन सभा झाली. हॉल भरला होता. सगळ्यांची भाषणं झाल्यावर गुल्हान्यांनी उभं राहून माझ्याविरुद्ध निषेधाचा ठराव मांडला. भाषण चांगलं केलं त्यांनी, डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. वऱ्हाडच्या विचारवंतांचा आजवर घरच्यांनी घात केला, मास्तरांचा मात्र त्यांच्या शिष्येनंच केला, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी 'शेम, शेम' म्हटलं.

अध्यक्षांनी मला विचारलं, "राऊतबाई, मास्तरांनी सह्या करून ठेवलेला कागद तुम्ही फाडला. ही गोष्ट खरी आहे?"

मी उभी राहिले. "खरी आहे."

"कुणाच्या परवानगीनं?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला होता. पहिल्या रांगेत मनू बसला होता, मान खाली घालून. माझ्या तोंडात काकूंचं सगळं बोलणं आलं होतं. ते मी गिळलं.

"मास्तरांच्या," मी म्हटलं आणि खाली बसले.